सीएनसीला लेझर लावायचं ठरलं तेव्हा

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत दोन वर्षांपासून एक ३०१८ सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कोरणारं छोटं मशीन, आहे. ३०० बाय १८० मिलिमीटरचं टेबल, ७७५ नंबरची मोटर आणि वर ग्रबल, म्हणजे मशीनला चाल देणारं सॉफ्टवेअर, चालवणारं छोटं बोर्ड. त्यावर मी नावाच्या पाट्या करते, मराठीत आणि गुजरातीत. आमच्या वडोदऱ्यात एकाच जिन्यावर दोन्ही दारं लागतात, त्यामुळे दोन्ही लिप्या सारख्याच चालतात.

सागावर व्ही बिटनं, म्हणजे टोकदार पात्यानं, अक्षर सुरेख उतरतं. पण सागाची पाटी सगळ्यांना परवडत नाही, बहुतेकांना प्लायच हवा असतो. आणि प्लायवर बिट फिरला की वरचा पापुद्रा उडतो. ‘क’ची कशीबशी निभावते, पण ‘ष्ट’ किंवा ‘ज्ञ’ आला की आतला बारीक पूल तुटलाच समजा. दादा, म्हणजे माझे सासरे, पस्तीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. त्यांचे वडील सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात शिकलेले. लाकडाच्या बाबतीत दादा डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवतात. ‘श्री अष्टेकर’ लिहिलेल्या पाटीवर त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अगं, ह्याला बिट नको. डागून बघ.” तिथून लेझर डोक्यात शिरला.

पहिला लेझर मी इथल्याच एका दुकानातून आणला. “बेन, आ पंदर वॉटनुं छे,” दुकानदार म्हणाला आणि खोक्यावरही पंधराच लिहिलेलं होतं. तीन मिलिमीटरचा प्लाय आठ फेऱ्यांत कसाबसा सुटला, कडा कोळशासारख्या. मी दोन दिवस फोकसच्या मागे लागले होते. मग दादांनी खोका हातात घेऊन विचारलं, “मोटरच्या प्लेटवर शाफ्टला मिळणारा जोर लिहितात. ह्यांनी आत जाणारी वीज का लिहिली?” सगळी गोम इथंच होती. खोक्यावरचा आकडा विजेचा होता, उजेडाचा नव्हता. अशा निळ्या लेझरच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या त्या डबीत, जितकी वीज जाते तिच्या साधारण पाव ते तृतीयांश प्रकाश होऊन बाहेर पडतो, बाकीची उष्णता होऊन हीटसिंकमध्ये जाते. म्हणजे माझ्या ‘पंधरा’मधून चार-पाच वॉट प्रकाश निघाला तरी खूप.

तेव्हापासून मी विक्रेत्याला एकच प्रश्न आधी विचारते: ऑप्टिकल पॉवर किती? उत्तर गोलगोल आलं की पुढे जाते. ताळा करायला सोपी खूण अशी, की या मॉड्यूलमधला साधारण ४५० ते ४५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक निळा डायोड पाच-साडेपाच वॉट प्रकाश देतो. दहा वॉटच्या मॉड्यूलमध्ये असे दोन डायोड असतात आणि त्यांचे किरण एकत्र आणलेले असतात. वीस वॉटमध्ये चार. एकाच डायोडचं मॉड्यूल कोणी वीस वॉट म्हणून दाखवत असेल, तर तो विजेचाच आकडा सांगतोय.

आता खरा हिशेब. मला वाटायचं, परवडेल तेवढा मोठा लेझर घ्यावा. दहा वॉटचा जवळजवळ दुप्पट किमतीला मिळत होता आणि मी पैसे बाजूला काढलेही होते. मग एका रात्री वही घेऊन बसले. आपल्या ३०१८ ला पट्टा नाही, आट्यांचे स्क्रू आहेत. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल चार मिलिमीटर सरकतं. मोटरचे २०० टप्पे, ड्रायव्हर त्या प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३,२०० टप्पे आणि एका मिलिमीटरला ८००. ग्रबल ज्या जुन्या चिपवर चालतं ती सेकंदाला साधारण ३०,००० टप्प्यांपर्यंत पोचते. भागाकार केला तर सेकंदाला साडेसदतीस मिलिमीटर, मिनिटाला २,२५०. हे कागदावर. माझी मोटर १,५०० च्या पुढे रडायला लागते आणि टप्पे चुकवते, मग अक्षर तिरकं होतं.

माझी नेहमीची पाटी २५० बाय १०० ची. अक्षरं भरून काढायची नसतील, पूर्ण पार्श्वभूमी काळी करायची असेल तर ०.१ मिलिमीटरच्या अंतरानं हजार रेघा लागतात, प्रत्येक २५० मिलिमीटरची. एकूण अडीच लाख मिलिमीटर, अडीचशे मीटर. १,५०० च्या वेगानं पावणेतीन तासांच्या वर. आता लेझर पाचचा असो की वीसचा, हे पावणेतीन तास कमी होत नाहीत, कारण अडवणारं मशीन आहे. वीस वॉट घेऊन त्याला वीस टक्क्यांवर चालवत बसायचं, त्यात अर्थ काय? पट्ट्यावर पळणारी स्वतंत्र लेझर मशीन मिनिटाला दहा हजार मिलिमीटर जातात, तिथे जास्त वॉट खपतात. आपल्याकडे नाही.

कापायचं असेल तर मात्र गणित उलटतं. कापताना मशीन मुद्दाम हळूच चालवतो, त्यामुळे वॉट पूर्ण वापरले जातात. ज्यांना मुख्यतः तीन मिलिमीटरचे प्लायचे भाग कापायचे आहेत त्यांनी दहा वॉट ऑप्टिकलचाच घ्यावा, मी आडवं येणार नाही. माझं काम ऐंशी टक्के अक्षरांचं. म्हणून मी एका डायोडचा साडेपाच वॉट ऑप्टिकलचा घेतला आणि उरलेले पैसे चष्मा आणि हवेच्या पंपावर घातले. हा निर्णय मला आजही पटतो.

वॉटइतकंच ठिपक्याकडे बघायला हवं होतं, ते मी दुसऱ्या वेळी शिकले. या डायोडचा ठिपका गोल नसतो, आयताकृती असतो. पहिल्या लेझरमध्ये शिरोरेषा बारीक यायची आणि काना जाड, एकाच ‘रा’मध्ये दोन टाकांनी लिहिल्यासारखं. नव्या मॉड्यूलमध्ये किरण आकसून घेणाऱ्या जास्तीच्या भिंगामुळे ठिपका दोन्ही बाजूंना ०.०८ मिलिमीटरच्या आसपास येतो. इंग्रजी अक्षरं करणाऱ्याला हा फरक कदाचित खपून जाईल. देवनागरीत नाही, आपली सगळी ओळ त्या एका आडव्या रेषेला लटकलेली असते.

शिरोरेषेवरून आणखी एक. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करून मजकुराचा पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा, केला की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. तसंच भरायला दिलं तर जिथे दोन रेषा एकमेकींवर येतात तिथे न जळलेली फट राहते. ‘कुलकर्णी’मध्ये तीन फटी मोजल्या होत्या मी, लाकडाच्या रंगाच्या, केसाएवढ्या. सगळी अक्षरं निवडून युनियन केलं, म्हणजे एकच आकार केला, की जातात. हे लेझरचं दुखणं नाही, पण लेझर खराब आहे असं समजून मी मॉड्यूल परत करायला निघाले होते.

फोकसला ३०१८ वर सोय चांगली आहे. वर-खाली सरकणारा झेड अक्ष असतोच, त्यामुळे फिरवायच्या भिंगाची गरज नाही, ठरलेल्या फोकसचं मॉड्यूल घ्यावं. लाकडाची एक पट्टी एका टोकाखाली ठोकळा देऊन तिरकी ठेवायची, त्यावर हलक्या ताकदीनं एक सरळ रेघ मारायची. रेघ जाडी सुरू होते, मध्ये दोऱ्यासारखी बारीक होते आणि पुन्हा फुगते. जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची मोजून घ्यायची. दादांनी ती पट्टी भिंगाखाली धरून पेन्सिलीनं खूण केली होती. ती अजून मशीनला टांगलेली आहे.

आता जे घडलं ते लिहिते, कारण दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये. गेल्या श्रावणात एक पाटी चालू होती. मी चहा ठेवायला आत गेले आणि लॅपटॉप झोपला. सूचना यायच्या थांबल्या, मशीन थांबलं, पण लेझर चालूच राहिला. मी एम ३ ची, म्हणजे लेझर एकसारखा चालू ठेवणाऱ्या सूचनेची, फाइल चालवत होते आणि त्यात किरण तसाच उभा राहतो. परत आले तेव्हा प्लायला आरपार भोक होतं आणि खालच्या फळीतून धूर येत होता. दोन मिनिटांचा प्रश्न होता, त्याहून जास्त वेळ गेला असता तर पडवीच्या सागवानी खांबापर्यंत गेलं असतं. ग्रबल १.१ मध्ये डॉलर ३२ या सेटिंगला १ द्यायचं म्हणजे लेझर मोड लागतो, आणि फाइलमध्ये एम ३ ऐवजी एम ४ वापरायचं. मग वेगाच्या प्रमाणात ताकद कमी-जास्त होते आणि मशीन थांबलं की किरणही थांबतो. वळणावर मशीन मंद होतं तिथे जास्त जळत नाही, हा वरचा फायदा. लॅपटॉपची झोप तर मी कायमची बंद केली. आणि मशीन चालू असताना पडवी सोडायची नाही, हा आता घरातला नियम आहे.

डोळ्यांबद्दल तडजोड नाही. पाच वॉट म्हणजे चौथ्या वर्गाचा लेझर, लाकडावरून उडालेला उजेडसुद्धा जवळून घातक. सोबत फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर काहीच छापलेलं नसतं, तो वापरू नये. चष्म्यावर तरंगलांबीची कक्षा आणि ओडीचा आकडा (चष्मा तो उजेड किती अडवतो त्याचं माप) दोन्ही हवेत. कक्षा नीट वाचा, ‘१९० ते ४५०’ लिहिलेला चष्मा ४५५ च्या लेझरला पुरेसा धरता येत नाही. मी ओडी ५ चा घेतला आणि मशीनभोवती प्लायची बंद पेटी केली. शेजारची मुलं पडवीतून आरपार जातात, त्यांना चष्मा कोण लावणार? पेटीत जुना मोबाइल लावलाय, काम त्यावर दिसतं.

जोडणीत एक सूचना. बोर्डावरच्या तीन पिनांतून १२ व्होल्ट मिळतात, पण मोठ्या मॉड्यूलला तिथून पूर्ण वीज ओढू नका. वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर द्या, बोर्डातून फक्त पीडब्ल्यूएमची, म्हणजे ताकद कमी-जास्त करणाऱ्या संकेताची, तार घ्या आणि ग्राउंड दोन्हींचं एकत्र जोडा. मोटरनं कोरताना लेझर काढूनच ठेवते मी, भुसा भिंगावर बसला आणि तिथे जळला तर भिंग गेलं. हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप आहे, अक्षरांना पुरतो.

सामानात रेक्झिन आणि पीव्हीसी कधीही नाही, त्यातून निघणारा वायू फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. पारदर्शक अ‍ॅक्रेलिकवर निळा किरण सरळ पार होतो, ते काम सीओटू लेझरचं. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० मानकाचा, पाण्याला उत्तम, पण त्यातल्या गडद फिनॉलिक गोंदाच्या थरावर किरण अडतो. बाहेरच्या पाटीला तोच घ्या, मात्र कापून आणा आणि फक्त अक्षरं डागा.

यंदा गल्लीतल्या गणपतीच्या मखराची जाळी मलाच करायला सांगितली आहे. तीन मिलिमीटरचा हलका प्लाय, मिनिटाला ३०० चा वेग, पूर्ण ताकद, तीन फेऱ्या. मे महिन्यात दुपारी चालवलं तर डायोड इतका तापतो की चौथी फेरी लागते, म्हणून मी सकाळी सहालाच बसते. जाळीचे चोवीस तुकडे आहेत. सातवा आत्ता चालू आहे, अजून चाळीस मिनिटं मला पडवीतून हलता येणार नाही, तेवढ्यात हे लिहून घेतलं.