टॉर्च सोडून इंडक्शनवर आटणी: माझा अनुभव

इतकी वर्षं दागिन्यांच्या ओतकामासाठी सोन्या-चांदीची आटणी, म्हणजे धातू वितळवणं, गॅस टॉर्चवरच करायचो, त्यामुळे छोटी इंडक्शन भट्टी (कॉइलच्या चुंबकीय फील्डने तापवणारी) आणली तेव्हा वाटलं आता काय, बटण दाबायचं नि ओतायचं. वितळवणं खरंच सोपंय, चांदी ९६२ डिग्रीला, चोख सोनं १०६४ ला, मूस (धातू वितळवायचं भांडं) बघता बघता लालबुंद होते. डोकं खातात ती बाकीची कामं.

सगळ्यात जास्त पाणी. कॉइल म्हणजे मुशीभोवती गुंडाळलेली तांब्याची पोकळ नळी, तिच्यातूनच करंट जातो नि आतून पाणी फिरतं, पाणी थांबलं की कॉइल गेलीच समजा. जड पाण्याने आत क्षार धरतो, फ्लो कमी होतो, मग मशीन अलार्म देऊन बंद पडत राहतं. म्हणून पहिल्यापासूनच डिस्टिल्ड वॉटर नि चिलर (ते पाणी थंड ठेवणारं यंत्र). पण चिलर फार थंड ठेवायचा नाही हं, हवा दमट असली की थंड नळ्यांवर पाणी सुटतं आणि ते आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर टपकलं तर संपलंच. ओतून झालं तरी पाणी लगेच बंद करत नाही, मूस तापलेली असते नि तिची धग कॉइलला लागत असते. काही जण फ्लो स्विच (पाणी थांबलं की मशीन बंद करणारा) बायपास करतात, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मूस ग्रॅफाइटची घेतली. ती स्वतःच तापते, त्यामुळे भुगा असो की रवा, सगळं वितळतं. सिरॅमिकच्या मुशीत धातूनेच तापायचं असतं, तिथे बारीक भुगा लवकर पकडत नाही. चांदीला तर ग्रॅफाइट फारच बरं, कारण वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते नि थिजताना तो बाहेर टाकते, थुंकल्यासारखे फोड येतात, ग्रॅफाइटमुळे ते बरंच कमी झालं. प्रत्येक मिश्रधातूला मूस मात्र वेगळी.

मग ओतलेल्या दागिन्यांत पिनहोल (बारीक छिद्रं) सुरू झाले! मशीन देणारा म्हणाला तापमान वाढवा. मला ते पटेना, कारण धातू जास्त तापला की मिश्रधातूतलं जस्त उडतं (ते ९०७ लाच उकळतं) आणि साच्याच्या प्लास्टरमधल्या जिप्समचं जास्त विघटन होतं, त्यातून सल्फरचा गॅस निघतो. त्यात फ्लास्कमध्ये (प्लास्टरचा साचा असलेल्या नळकांड्यात) दागिन्याच्या वॅक्सच्या, म्हणजे मेणाच्या नमुन्याचा कार्बन राहिला असेल तर तो गॅस अजून लवकर सुटतो. मी उलटं केलं, बर्नआउट (भट्टीत वॅक्स जाळून साचा मोकळा करणं) ७३० च्या आसपास जास्त वेळ धरला, मग फ्लास्कचं तापमान खाली आणलं, म्हणजे फ्लास्क, नाजूक जाळीकामाला थोडा गरम, जाड अंगठीला थंड, आणि धातूचं तापमान कमी केलं. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) मुशीच्या भिंतीत आहे, म्हणजे तो आकडा मुशीचा, धातूचा नाही, म्हणून आकडा आला की लगेच ओतत नाही, थोडं थांबतो, ग्रॅफाइटच्या कांडीने ढवळतो. कॉइलच्या चुंबकीय फील्डमुळे धातू आपोआप ढवळला जातो हे खरंय, तरी हाताची सवय जात नाही. पिनहोल जवळपास गेले.

प्लॅटिनम अजून या भट्टीवर घेत नाही. ते १७६८ ला वितळतं, ग्रॅफाइटमध्ये घेतलं तर कार्बन शोषून ठिसूळ होतं, आणि जिप्समचं प्लास्टरही चालत नाही, त्यामुळे मूस, प्लास्टर, तापमान मोजायचं साधन सगळंच वेगळं लागेल.