आमची वाटचाल: एका टायरवॉलपायी फर्म बुडता बुडता राहिली

आम्ही रेसिंग गेमसाठी ट्रॅक आणि गाड्यांची मॉडेल्स करून देतो. सुरुवातीला मी आणि पार्टनर दोघंच, टॉर्क्स या ओपन सोर्स रेसिंग गेमच्या जुन्या एसी३डी (थ्रीडी मॉडेलच्या) फाइली ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे ओढायच्या, उलटे झालेले नॉर्मल्स (पृष्ठभागाची बाहेरची बाजू कुठली ते सांगणाऱ्या दिशा) सरळ करायचे, यूव्ही (मॉडेलवर चित्र कुठे बसतं त्याचा नकाशा) परत पसरायचे, हाताला तीच सवय लागली होती. पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एका क्लायंटला अकरा ट्रॅक दिले, गेम विकायचा होता. रिलीजला आठ दिवस असताना त्यांच्या टेस्टरने दोन फोटो पाठवले, एक आमच्या ट्रॅकचा आणि एक दुसऱ्याच गेमचा, दोन्हीकडे टायरवॉलच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीच्या, तिसऱ्या ओळीत एका टायरवर पांढऱ्या रंगाचा तोच ओघळ, त्याच जागी. पोटात गोळाच आला. आमच्या एका पोराने ते टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) फुकटच्या मॉड पॅकमधून, म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी केलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यातून, उचललं होतं आणि त्याच्या रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) अगदी तळाला सीसी बाय-एनसी हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लिहिलेलं. एनसी म्हणजे धंद्यात वापरायचं नाही, विषय संपला. एकच टेक्स्चर असतं तर बदललं असतं, पण आम्ही सगळं एका ॲटलासमधे, म्हणजे सगळी टेक्स्चर्स एकत्र असलेल्या एकाच मोठ्या चित्रात, बेक केलेलं, अकराच्या अकरा ट्रॅक त्यावरच. पेमेंट थांबलं, पगार थकले, क्लायंटला मी दोष देत नाही.

तेव्हा आमचा सगळ्यात जुना गिऱ्हाईक, कार्ट गेमवाला, म्हणाला, "दादा, माझं काम दोन महिने मागे ढकला, आधी हे निस्तरा," आणि वर ॲडव्हान्स पाठवला. हे मी विसरणार नाही. पार्टनरने गॅरेजमागचे जुने टायर एकेक करून फोटोत घेतले आणि ॲटलास पहिल्यापासून बांधला.

याच काळात एक स्पर्धक आम्हाला चोर म्हणत फिरत होता, आणि त्याच्याच गेममधे आमचा कर्ब (ट्रॅकची रंगीत कड), सीसी बाय-एसए ४.० खाली (नाव द्या आणि पुढेही त्याच लायसन्सने द्या) दिलेला, आमचं नाव न लिहिता! कळवलं तर त्याने आठवड्यात नाव टाकलं, आणि ४.० मधे चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली की अट मोडल्यामुळे गेलेलं लायसन्स आपोआप परत मिळतं. ३.० मधे तसं नव्हतं. माफी काही मागितली नाही, ते अजून खुपतं.

नवीन पोरांना सांगतो, दोन गेम ओपन सोर्स आहेत म्हणून इकडचा ट्रॅक तिकडे टाकू नका. स्पीड ड्रीम्स हा गेम २००८ मधे टॉर्क्समधूनच फुटून वेगळा झाला, तरी दर फाइलचं लायसन्स वेगळं बघा. सीसी बाय-एसए ४.० चं काम जीपीएल ३ (ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं लायसन्स) मधे नेता येतं, २०१५ पासून, पण जीपीएलचं सीसीमधे आणता येत नाही, आणि 'फक्त जीपीएल २' लिहिलं असेल तर तिथंही जमत नाही. गाडीवरचा कंपनीचा लोगो तर यात येतच नाही, सीसी ट्रेडमार्कचा हक्क देत नाही. फोर्झा होरायझन ४ सारखा मोठा गेमसुद्धा लायसन्स संपत आल्यामुळे डिसेंबर २०२४ मधे विक्रीतून काढला. म्हणून आमच्या शीटमधे प्रत्येक टेक्स्चरपुढे कुठून आलं, कोणी काढलं आणि लायसन्सचा आकडा, तिन्ही भरल्याशिवाय फाइल ॲटलासमधे जात नाही.

त्या कार्टवाल्याचा तिसरा गेम सध्या चालू आहे. त्यातल्या टायरवॉलच्या क्रेडिटमधे पार्टनरचं नाव आहे, फोटो त्याचेच.