घसरणारे पिनियन आणि निर्दोष गोंद

आमच्या भोसरीच्या कारखान्यात लहान गिअर मोटारी तयार होतात. त्यांच्या चार मिलिमीटरच्या शाफ्टवर पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, प्रेसने दाबून बसवले तर शाफ्ट वाकण्याची भीती असते. म्हणून ते किंचित सैल ठेवून मधली फट अ‍ॅनारोबिक रिटेनिंग कंपाउंडने, म्हणजे हवा नसताना घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरण्याची आमची पद्धत आहे. एका सोमवारी दुपारच्या टॉर्क चाचणीत, म्हणजे पिळाचा जोर देऊन जोड तपासताना, त्याच सकाळी जोडलेली पिनियन एकामागून एक शाफ्टवर घसरू लागली आणि लाइन थांबवावी लागली.

सगळ्यांचा संशय अर्थातच गोंदावर गेला. जोडाच्या बाहेर आलेला गोंद ओलाच आहे, हे सुपरवायझरने बोट लावून दाखवले. परंतु तो पुरावा नव्हे, कारण हा गोंद हवेच्या संपर्कात द्रवच राहतो आणि धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये हवा तुटल्यावरच घट्ट होतो. (बाटल्या अर्ध्या रिकाम्या येतात त्याही याच कारणाने, आतली हवा गोंदाला द्रव ठेवते, पण आमच्या स्टोअरला हे अजून पटलेले नाही.)

माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. शनिवारी जोडलेले नग त्याच चाचणीत व्यवस्थित टिकत होते. गोंद निकामी असता तर तेही सुटले असते. तेव्हा दोष चिकटण्याच्या ताकदीत नसून वेळेत आहे, असे मला वाटू लागले. शाफ्ट पूर्वीपासून स्टेनलेस स्टीलचा होता आणि पिनियन पितळेचे. गंजाच्या तक्रारीमुळे ग्राहकाने नुकतेच पिनियनही स्टेनलेसचे मागितले होते. अ‍ॅनारोबिक गोंद घट्ट होण्याची क्रिया धातूच्या आयनांमुळे वेग घेते. पितळेतले तांबे ते सहज पुरवते, तर स्टेनलेसचा पृष्ठभाग त्या दृष्टीने निष्क्रिय असतो. इतके दिवस एकटे पितळ दोघांचे काम उरकत होते आणि तेच आम्ही काढून टाकले होते.

खात्रीसाठी मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली काही जुनी पितळी पिनियन काढली आणि त्याच बाटलीतल्या गोंदाने नव्यांच्या शेजारी जोडून ठेवली. चहा पिऊन परत येईपर्यंत पितळी पिनियन हाताने हलेनासे झाले होते, स्टेनलेसचे मात्र बोटांनी फिरत होते.

उपाय दोन होते. तांब्याचे क्षार असलेला अ‍ॅक्टिवेटर, म्हणजे गोंद घट्ट होण्यास चालना देणारा द्रव, आधी लावला की काम झटपट होते, पण त्याने अंतिम ताकद काहीशी घटू शकते आणि एवढ्या बारीक भोकात तो सारखा पसरवणे कामगाराच्या हातावर अवलंबून राहते. मला तो धोका नको होता. म्हणून दुसरा उपाय, गोंदाला उष्णता आणि वेळ देण्याचा, निवडला: जोडलेले ट्रे मंद आचेच्या ओव्हनमध्ये ठेवायचे आणि टॉर्क चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यायची असे ठरले. उत्पादन विभागाला एक दिवसाचा माल अडकून पडणे मुळीच रुचले नाही. तरी ड्रॉइंगवर दोन्ही भागांच्या धातूखाली ही अट छापूनच मी त्यावर सही केली.