तुम्ही विचारलंत म्हणून: ही बर्बन खरंच चोरटी होती का?

अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलला राहतो म्हटल्यावर पाहुणे येतात, आणि आले की डिस्टिलरी बघायची असतेच. मग शेवटी दुकानात कोणीतरी 'ओल्ड फॉरेस्टर १९२०' ही बर्बनची, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, बाटली उचलतं, त्यावरचं प्रोहिबिशन वाचतं आणि विचारतं, "दारूबंदीत चोरून बनवायचे तीच का रे ही?"

नाही हो. बर्बन चोरून बनवणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे. किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेली नवीकोरी ओकची पिंपं, त्यात ती चार-चार वर्षं पडून राहणार तेव्हा कुठे रंग आणि चव यायची. धाड कधी पडेल याचा नेम नाही तो माणूस चार वर्षं कसली थांबतोय! डोंगरात रात्री गाळायचे ती मूनशाइन, पाण्यासारखी पांढरी, आपल्या हातभट्टीची चुलत बहीण.

मग १९२० ते १९३३, अमेरिकेत दारूबंदी असताना, लोक बर्बन प्यायले ती कुठली? बरीचशी बंदीच्या आधीच बनून गोदामात पडलेली. आणि ती कायद्याने मिळायची, औषध म्हणून! सहा कंपन्यांना लायसन्स होतं, ओल्ड फॉरेस्टरवाली ब्राउन-फॉरमन त्यातलीच, आणि डॉक्टरने चिठ्ठी दिली की दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडी कमी. हसू नका, आपल्याकडे दारूचं परमिट आजही कागदोपत्री आरोग्यासाठीच असतं, आमच्या बाबांकडे होतं आणि त्यांची तब्येत ठणठणीत होती.

आता खरी गंमत. जॉर्ज रीमस नावाचा माणूस, आधी फार्मासिस्ट, मग शिकागोत वकील. बंदीत पकडलेल्यांच्या केसेस लढता लढता त्याच्या लक्षात आलं की अशिलं आपल्यापेक्षा जास्त कमावतायत. तो सिनसिनाटीला आला, कारण बर्बनची गोदामं तिथून जवळ. त्याने डिस्टिलऱ्या विकत घेतल्या, औषधांच्या कंपन्या काढल्या, सरकारी परवान्यावर रीतसर माल बाहेर काढला आणि वाटेत स्वतःच्याच माणसांकडून स्वतःचेच ट्रक लुटवले! माल गेला काळ्या बाजारात. शेवटी तुरुंगात गेला, आणि १९२७ मध्ये भर बागेत बायकोला गोळी घातली, स्वतःच स्वतःचा वकील झाला आणि वेडाच्या कारणावरून सुटला. त्याच्या नावाची बर्बन आता इंडियानात बनते. बाईचा खून केलेल्या माणसाचं नाव बाटलीवर, मला तरी ते घशाखाली उतरत नाही.

बाकी गुत्त्यांवर मिळायची ती बर्बन नावालाच. खऱ्यात पाणी आणि स्पिरिट मारायचे, रंगाला जाळलेली साखर. कारखान्यांतलं अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकारच त्यात विषारी मिथेनॉल घालायला लावायचं, तेही चोरून विकलं गेलं आणि माणसं मेली, आंधळी झाली. हे लेबलवर कोण छापणार!

आणि ते '१९२०' म्हणाल तर चिठ्ठीवर मिळायची ती व्हिस्की ५० टक्के अल्कोहोलची असायची, ही आहे ५७.५ ची. कंपनीचं म्हणणं, तेव्हा पिंपातून थेट निघाली असती तर एवढी भरली असती. असेल बुवा. चांगली आहे, घ्यायची तर घ्या, फक्त आधी थोडं पाणी घाला.