मिठानं खाल्लेली गाडी

"बठ्ठं सांगी दिधं, ते मंग गाडी ली कोन?"

आबांनी फोनवर विचारलं आणि स्वतःच हसायला लागले. अमळनेर-धुळे काळी-पिवळीवर त्यांची अठरा वर्षं गेली. तेवढ्यात चार जीपा झाल्या, चारही जुन्या घेतलेल्या. विकताना त्यांनी आपणहून कुणाला गाडीचे दोष सांगितले नाहीत. खोटं बोलले असंही नाही. रीतच ती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात घेणारा बघतो, विकणारा उघडून दाखवत नाही.

मी इथं उत्तर जर्मनीत गाड्यांच्या मेकॅनिकचं शिक्षण घेतोय. आपल्याकडे आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, इथं साडेतीन. काही आठवडे शाळा, काही आठवडे गॅरेज, असं आलटून-पालटून चालतं. गावाकडची पोरं विचारतात, आयटीआय झालेला माणूस परत पहिलीत कशाला बसला? मलाही पहिले सहा महिने तेच वाटायचं.

आमच्या शाळेत वर्गाची एक छोटी कंपनी आहे. ‘श्युलरफिर्मा’ म्हणतात, म्हणजे पोरांनी चालवायची, पण शाळेच्या छत्राखालची. जुनी गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची आणि त्या पैशातून पुढची घ्यायची. (मी स्वतःच्या नावावर असा धंदा करायचं म्हटलं तर व्हिसा आडवा येतो.) खरेदी माझ्याकडे आणि सीरियाहून आलेल्या एका पोराकडे. हिशेब एका मुलीकडे. ती पान्याच्या भाड्याचेही पैसे लावते.

नोव्हेंबरात आम्ही २००९चं मॉडेल असलेली एक छोटी पेट्रोल गाडी ९०० युरोला घेतली. मागच्या नंबरप्लेटवर नारिंगी गोल स्टिकर होता, म्हणजे तपासणीची मुदत २०२५ची. वरच्या बाजूला आकडा ३, म्हणजे मार्च. स्टिकर घड्याळासारखा वाचायचा, हे शिकायला मला दोन दिवस लागले. मुदत संपलेली, म्हणून तर स्वस्त मिळाली.

गाडी मी पाहिली ती मामाच्या गॅरेजात शिकलो तशी. ऑइलचं झाकण काढून इंजिन धाप मारतंय का बघितलं. रेडिएटरच्या पाण्यात तेल नाही. सगळे रबरी बुश दाबून पाहिले, होजपाइप वाकवून पाहिले, डॅशबोर्डला तडा आहे का पाहिलं. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत आधी रबर आणि प्लास्टिक मरतं, त्यामुळं हात आपोआप तिकडंच जातो. इथलं रबर नव्यासारखं! मी खुशाल सांगितलं, घ्या.

तपासणीच्या दिवशी गाडी लिफ्टवर चढली. तपासनीस साठीचा, बोलणं मोजकं. दाराखालचा लांबट पोकळ पत्रा असतो ना, त्यावर तो छोट्या हातोडीनं ठोकत निघाला. टक, टक, टक. मागच्या चाकाच्या अलीकडे आवाज बदलला, भस्स. त्यानं पेचकस टेकवला, जोर लावलाच नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा तपकिरी भुगा माझ्या बुटावर पडला.

हिवाळ्यात इथं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर या पोकळीत जातं आणि आतून पत्रा खात बसतं. वरून रंग चकचकीत. खान्देशात वाढलेल्या मेकॅनिकला गंज दिसतच नाही, कारण तो कुठं शोधायचा हेच त्याला माहीत नसतं.

गाडी नापास. दुरुस्त करून पुन्हा दाखवायला एक महिना.

मी आपला म्हटलं, लांबी (पुट्टी) भरून रंग मारू. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. हा पत्रा गाडीचं वजन पेलतो. तिथं लांबी भरणं म्हणजे मोडक्या हाडावर पावडर लावणं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, आतलं कार्पेट उचललं, खाल्लेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. तळहाताएवढा वाटला होता, कोपरापर्यंत निघाला. पॅच ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून चालत नाही, सगळीकडून सलग वेल्डिंग लागतं. माझी पहिली शिवण मास्तरांनी ग्राइंडर मारून काढायला लावली. दुसरी राहिली. शेवटी पोकळीत मेण फवारलं. जानेवारीत तपकिरी स्टिकर मिळाला, २०२८पर्यंतचा.

आणि मग तो कागद. शाळेची का असेना, आपण दुकानदार, असं मास्तरांचं म्हणणं. इथं दुकानदारानं गिऱ्हाइकाला ‘जशी आहे तशी’ म्हणून हात झटकता येत नाहीत. जो दोष राहिलाय तो आधी वेगळा सांगायचा, करारात वेगळा लिहायचा, त्यावर त्याची संमती घ्यायची. वर्गानं लिहायचं काम मला दिलं, घोळ माझाच होता म्हणून. उजव्या दाराखाली पत्रा कापून नवा जोडला, फोटो सोबत. मागच्या बंपरवर ओरखडा. एसी बंद. जर्मन शब्द येत होते, तरी पेन उचलत नव्हतं. आबांना फोन केला तो त्याच संध्याकाळी.

गाडी शनिवारी गेली, १,९०० युरोला. घेणारी एक नर्सबाई, रात्रपाळीला जायला हवी होती. तिनं कागद दोनदा वाचला, वेल्डिंगचा फोटो मोठा करून बघितला, त्याची एक प्रत मागितली आणि सही केली. एसीबद्दल अक्षर काढलं नाही.

आबांना कळवलं. पत्र्याचं, फोटोचं, सहीचं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ लाइनवर काहीच नाही.

"एसी बंद शे," ते म्हणाले, "तरीबी बाईनी लिधी?"