तीन लाइफ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न तसे दोन असतात आणि विचारणारी माणसंही वेगवेगळी. कॉलेजातली मुलं विचारतात, "काका, सगळ्यात भारी सुपरहिरो पिक्चर कोणता?" आणि त्यांच्या आया चहाचा कप घेऊन आमच्या मागच्या खोलीत डोकावतात नि म्हणतात, "हा डब्बा टीव्ही अजून कशाला ठेवलाय हो?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते उभ्याउभ्या सांगता येत नाही.

1998 साली मी बारा वर्षांचा होतो, धाकटी बहीण नऊची. इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी मामाने जेल रोडवरून टीव्ही गेम आणून दिला. जपानच्या निन्टेन्डोने 1983 मध्ये काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. खोक्यात घालायचा तो पिवळा ठोकळा म्हणजे 'कॅसेट'. चालली नाही की फुंकर मारायची. खरं तर फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून परत बसवली की आतल्या पट्ट्या जुळायच्या, एवढंच. उलट तोंडाच्या ओलीने त्या खराबच व्हायच्या. पण फुंकर न मारता कॅसेट लावलेली मी कुणाला पाहिली नाही.

आमचा जीव कॉन्ट्रात होता. दोघं मिळून खेळायचा गेम, एक गोळी लागली की मेलात, आणि प्रत्येकाला तीन लाइफ. हा तीनचा हिशेब नाणं टाकून खेळायच्या मशीनवरून आलेला. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्येही साधारण तीनच मिळायच्या. नाणं टाकणाऱ्याला थोडं खेळू द्यायचं आणि मग जागा रिकामी करून घ्यायची, हा दुकानदारीचा नियम. घरी नाणं टाकायचं नव्हतं, तरी आकडा तोच राहिला. त्या आकड्याने आम्हाला काय दिलं, ते तिसऱ्या स्टेजला कळायचं.

तिसरी स्टेज धबधब्याची. वर वर चढत जायचं. जो पुढे असेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या बाहेर गेला की मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, कुणी ढकलत नाही; जोडीदार घाईने चढला, म्हणून तो मरतो. बहिणीचे हात लहान, तिची उडी चुकायची. खाली राहून ती ओरडायची, "अरे रुक ना!" (खेळताना आम्ही हिंदीत ओरडायचो. भांडण मात्र मराठीत, कारण ते आईपर्यंत न्यायचं असायचं.) पहिले काही दिवस मी थांबलो नाही. मग लक्षात आलं की ती गेली तर पुढच्या स्टेजला मीही फार टिकत नाही. त्यानंतर प्रत्येक कड्यावर उभा राहून, वरून येणारे दगड चुकवत, मी तिची वाट बघायला शिकलो. तिच्याकडे किती उरल्या, हे मला माझ्यापेक्षा जास्त पाठ असायचं.

मग शेजारच्या दादाने ती युक्ती सांगितली: सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए ही बटणं. तीनच्या जागी तीस लाइफ. ही युक्ती मुळात काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रामरची. 1986 मध्ये ग्रेडियस नावाच्या गेमची घरगुती आवृत्ती करताना चाचणीत त्याला आपलाच गेम झेपेना, म्हणून त्याने स्वतःसाठी ही सोय करून घेतली आणि ती तशीच आत राहून गेली. त्याच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. पण आमच्या घरी त्या युक्तीने काय झालं ते सांगतो. दोन दिवसांत गेम संपवला, आणि त्या दोन दिवसांत धबधब्यावर मी एकदाही थांबलो नाही. ती खाली मेली तर मेली, एकोणतीस शिल्लक होत्या. तिनेही "रुक" म्हणणं सोडलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "दादा, तीनवालं खेळू."

मारिओचं दुखणं वेगळं होतं. आठ जग, प्रत्येकात चार टप्पे, मिळून बत्तीस, आणि मधे कुठेही खेळ जपून ठेवायची सोय नाही. त्या काळात आमच्याकडे संध्याकाळी लाईट जायचीच. एकदा आम्ही शेवटच्या जगात पोचलो होतो आणि खोली काळीभोर झाली. बहीण रडली. मी रडलो नाही, पण जेवलोही नाही. लाईट आल्यावर पुन्हा पहिला टप्पा, तोच पहिला शत्रू.

आता चित्रपटांकडे येतो.

1978 चा सुपरमॅन मला अतिशय प्रिय आहे. क्रिस्टोफर रीव्ह नुसता चष्मा लावून आणि पाठ वाकवून दुसरा माणूस होतो, तसं नंतर कुणाला जमलेलं नाही, असं माझं मत आहे. पण शेवटी त्याची आवडती लोइस मरते आणि तो पृथ्वीभोवती उलटं उडून काळ मागे फिरवतो. लहानपणी मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता तो भाग आला की मला खाली एकोणतीस लाइफ दिसतात. कॉमिक्समध्येही 1992 साली त्याला वाजतगाजत मारलं आणि पुढच्याच वर्षी परत आणलं.

त्यापेक्षा चौकातल्या लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या हिंदी कॉमिक्समधला सुपर कमांडो ध्रुव मला लहानपणी जास्त खरा वाटायचा. 1987 चा, अनुपम सिन्हांचा. सर्कशीत वाढलेला पोरगा, उडण्याबिडण्याची शक्ती नाही, आईवडील सर्कशीच्या आगीत गेलेले. तो इमारतीवरून उडी मारायचा तेव्हा पान उलटायला भीती वाटायची, कारण हा पडू शकतो हे ठाऊक असायचं.

आणि माझं उत्तर: 2004 चा स्पायडर-मॅन 2. इंदूरच्या सपना-संगीता टॉकीजला हिंदीत पाहिला, बहिणीबरोबर. त्यात तो सुटलेली आगगाडी थांबवतो. दोन्ही हातांनी जाळी धरून, कपडे फाटेपर्यंत, तोंडावर मुखवटा नसताना. गाडी थांबते आणि तो पुढे कोसळणार, तेवढ्यात डब्यातली माणसं त्याला धरतात, डोक्यावरून हातोहात आत नेतात, खाली ठेवतात. कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगाच आहे. एवढ्या अवाढव्य चित्रपटात तो क्षण सगळ्यांत मोठा आहे, कारण या मुलाकडे एकच लाइफ आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला दिसतं. बहिणीने अंधारात माझं मनगट धरलं होतं. कशासाठी, ते दोघांनाही माहीत होतं.

2019 मध्ये अ‍ॅव्हेंजर्सच्या एंडगेमला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हाही थिएटर असंच गप्प झालं होतं. अकरा वर्षं सोबत चाललेला माणूस होता तो. पण त्याच चित्रपटात, आदल्या वर्षीच्या चित्रपटात मेलेला लोकी नावाचा खलनायक दुसऱ्या काळातून निसटून गेला आणि पुढे त्याची स्वतंत्र मालिका झाली. मग मल्टिव्हर्स आलं: इथला मेला तर तिथला आहे. जुलै 2024 मध्ये जाहीर झालं की टोनी स्टार्क झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येणार, डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. भूमिका वेगळी आहे, नट थोर आहे, आणि मी पहिल्या दिवशी जाणार आहे. तरी ते ऐकलं तेव्हा 2019 चं ते गप्प थिएटर कुणीतरी माझ्याकडून परत मागितल्यासारखं वाटलं. तुम्ही विचारता, काका, नव्यांत काय कमी आहे? चित्रण, आवाज, मारामारी, काही कमी नाही. फक्त कड्यावर कुणी कुणासाठी थांबत नाही.

डब्बा टीव्हीचंही तेच. हे सगळे गेम फोनवर चालतात. पण फोनवर दर पावलाला जपून ठेवता येतं, चुकलं की मागे जाता येतं, आणि तसं करता येत असलं की मी करतोच. जुन्या खोक्यात ती सोय नाही. शिवाय डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी होतं. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि बंदुकीला काहीच दिसत नाही.

आमच्या टीव्हीची ट्यूब आता मंद झाली आहे. मागच्या महिन्यात मेकॅनिक म्हणाले, "हिचं आयुष्य झालं, नवी मिळत नाही." दिवाळीला बहीण येणार आहे. तुमच्या किंवा तुमच्या आजोळच्या माळ्यावर एकवीस इंची जुना रंगीत टीव्ही पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा. उचलून न्यायला मी स्वतः येईन.