मला कोणी ओरडतच नाही

भाऊजींनी आज मला सिगारेटची पाकिटं घेऊन दिली.

सकाळी अथर्वच्या सॅकमध्ये एक सापडली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. फुप्फुसं, करिअर, आजोबांचा शेवटचा खोकला, सगळं निघालं. पोरगं मान खाली घालून पोहे चिवडत बसलं. आणि दुपारी आम्ही दोघं दांडिया बाजारात उतरलो तर गल्ल्यावर उभं राहून म्हणतात, "तुझी कुठली रे?" मी तोंड उघडायच्या आत गल्लेवाला म्हणाला, "एमनी मने खबर छे." भाऊजींनी पैसे काढले. "दोन घे. तुला लागतात."

प्रेमानेच म्हणाले. त्या वर्षी रात्र रात्र माझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते मी विसरलेलो नाही. ते असो.

पण साडेअकरा वाजून गेले तरी डोक्यातून जात नाही. बाबांना सिगारेटवरून सगळ्यांनी भंडावलं. आई पाकिटं लपवायची, ताई अबोला धरायची. मी मनाने आजारी पडल्यापासून मला एकदाही कोणी 'सोड' म्हणालेलं नाही. आई गोळ्यांच्या डबीखाली नोट ठेवते आणि काही न बोलता निघून जाते. वॉर्डात तर शहाण्यासारखं राहिलं की बिडी मिळायची. बिचाऱ्याला तेवढंच सुख! अथर्वला ओरडायचं, कारण त्याचं आयुष्य पुढे पडलंय. माझं काय, संपलंच असं धरून चाललाय का सगळे? माझ्यासारखा गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. तीही बहुतेक हृदय, फुप्फुसं असल्या चारचौघांसारख्याच कारणांनी. हे घरात कोणाला माहीत नाही, की माहीत असून…

पाकिटं अजून फोडलेली नाहीत. वैराग्य वगैरे काही नाही, आधीचं संपायचंय.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "सोडायची तयारी दहापैकी किती?" मी म्हटलं चार. आता लेक्चर, असं वाटलं. तर म्हणाल्या, "चार? मग दोन का नाही?" मी गप्प. आणि मग माझ्याच तोंडून बाहेर पडायला लागलं: जिन्यात धाप लागते, या वयात आईच्या नोटेवर ओढतो, अथर्व बघत असतो. बाईंनी स्वतः काहीच सांगितलं नाही. चलाख बाई.

लोक म्हणतात, मनावर घेतलं की सुटते. अहो, मनच तर तिथे दाखवायला नेतो ना! काही दिवस आंघोळीला उठायला दुपार होते. तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे. पण म्हणून इच्छाच नसते असं कोणी ठरवलं?

बाईंनी एक मात्र बजावलंय: परस्पर सोडायची नाही. धुरातल्या घटकांमुळे माझं यकृत क्लोझापिन, म्हणजे माझं या आजारावरचं औषध, भराभर संपवतं, म्हणून मला डोस जास्त लागतो. धूर थांबला की आठवड्याभरात तेच औषध रक्तात चढतं. झोप, लाळ, फारच वाढलं तर फिट. म्हणजे डोस आधी ठरवून कमी करायचा, रक्त तपासत राहायचं. यात निकोटिनचा हात नाही, त्यामुळे च्युइंगम चालेल. व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवणाऱ्या गोळीचंही बोलल्या. ती घेऊन डोकं बिघडतं म्हणून मी घाबरलो होतो, पण २०१६ साली ८,०००हून जास्त लोकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातले निम्मे मानसिक आजाराचे, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत तसा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही.

एकूण काय, बाकीचे लोक एक जानेवारीला सोडतात, मला अपॉइंटमेंट घेऊन सोडावी लागणार. लिहिता लिहिता हसूच आलं. निदान एका माणसाने तरी माझ्या सोडण्याचा हिशेब मांडून ठेवलाय, मिलिग्रॅममध्ये.

आणि जाता जाता म्हणाल्या, चहाही निम्म्यावर आणायचा. कॅफिनही यकृतात त्याच वाटेने जातं म्हणे, सिगारेट सुटली की तेही चढतं. आईचा तो आलं ठेचून केलेला चहा, तोही निम्मा! माझे चार तिथल्या तिथे साडेतीन झाले.